ट्रकसाठी सबवूफरची बंद पेटी : हिशेब आणि हुन्नर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांचा माल ट्रकवर चालतो आणि ट्रक ज्याच्या जिवावर चालतो तो ड्रायव्हर दिवसाचे दहा-बारा तास केबिनमध्ये बसलेला असतो. त्याला सोबत असते ती आवाजाची. कुणी कव्वाली ऐकतो, कुणी जुनी गाणी, कुणी क्रिकेटची कॉमेंट्री. त्यामुळे केबिनमध्ये चांगला साऊंड बसवून देणे हा एक चांगला चालणारा धंदा झाला आहे. आमच्या वाचकांपैकी सुतारकाम करणारे, गाडीची सीट शिवणारे, वायरिंग करणारे अनेक कारागीर या धंद्यात आहेत.

आम्ही स्वतः कापडाच्या व्यापारातले. तरीही हा विषय आम्ही दोन कारणांसाठी घेतला आहे. पहिले कारण म्हणजे ज्या ट्रकमध्ये हे काम होते त्याच ट्रकमध्ये आमचा माल असतो, आणि वायरिंगमधली एक गफलत लाखोंच्या तागांची राख करू शकते. दुसरे कारण असे की पेटीच्या आत भरायचे वाडिंग आणि बाहेरून चढवायचे रेक्झिन वा कार्पेट हे जिन्नस आमच्याच बाजारातून जातात. ते नेणाऱ्या कारागिरांशी बोलताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. फळी सरळ कापण्यात, सांधा बसवण्यात आपला माणूस कुठेही कमी पडत नाही. पण पेटी किती मोठी असावी हे विचारले की उत्तर येते, 'जागा असेल तेवढी'. तिथेच काम बिघडते. गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येतो आणि म्हणतो, आवाज घुमतो, गाण्याचे बोल कळत नाहीत. मग तो तयार पेटी विकणाऱ्या दुकानाकडे वळतो आणि कारागिराच्या हातचे काम जाते.

तयार पेटी सर्व गाड्यांसाठी एकाच मापाची असते. कारागीर मात्र त्या एका केबिनच्या आणि त्या एका स्पीकरच्या मापाची पेटी बनवू शकतो. हा त्याचा मोठा फायदा आहे. त्यासाठी थोडा हिशेब यावा लागतो, आणि तो गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही. तोच येथे क्रमाने मांडत आहोत.

बंद पेटी म्हणजे काय?

सबवूफर म्हणजे केवळ जाड, खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर. त्याचा कागद, म्हणजे कोन, पुढे-मागे हलतो. पुढे जाताना तो समोरची हवा दाबतो आणि त्याच क्षणी मागची हवा ओढतो. मागचा आवाज पुढे येऊन मिसळला तर दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात. म्हणून सुटा सबवूफर हातात धरून वाजवला तर ढोलाचा ठोका ऐकूच येत नाही. मागचा आवाज कोंडून ठेवणे हे पेटीचे पहिले काम.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. पेटी पूर्ण बंद असली की आतली हवा स्प्रिंगसारखी वागते. कागद आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला बाहेर ढकलते. बाहेर गेला की आत ओढते. पेटी लहान असेल तर ही स्प्रिंग कडक होते, मोठी असेल तर नरम. जागा निम्मी केली तर हवेची स्प्रिंग दुप्पट कडक होते. बंद पेटीचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

ही युक्ती अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांची. १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ नावाचा स्पीकर काढला. त्यापूर्वी खालचा आवाज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागत असे. व्हिल्चर यांनी स्पीकरची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम नरम ठेवली आणि कागद आवरण्याचे काम पेटीतल्या हवेवर सोपवले. पेटी पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी झाली. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटी व स्पीकर यांचे गणित पक्के करून दिले. आज स्पीकरच्या खोक्यात जो मापांचा कागद येतो, त्यावरील आकडे याच दोघांच्या नावाने ओळखले जातात.

ट्रकच्या केबिनला हीच पेटी का?

पेटीचे दोन प्रकार नेहमी चालतात. एक पूर्ण बंद आणि दुसरी भोक किंवा नळी ठेवलेली. नळीची पेटी तेवढ्याच वीजेत जास्त जोर देते, पण ती मोठी लागते. शिवाय नळीच्या ठरलेल्या सुराच्या खाली स्पीकरला आवरणारी हवा राहत नाही, त्यामुळे कागद फार हलून कॉइल निकामी होण्याचा धोका असतो. बंद पेटी लहान जागेत बसते आणि कागदाला शेवटपर्यंत लगाम घालते.

ट्रकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बंद पेटीच्या बाजूची आहे. बंद पेटीचा आवाज एका ठरावीक सुराच्या खाली उतरू लागतो, सूर निम्मा झाला की सुमारे १२ डेसिबलने. पण केबिन हीसुद्धा एक लहान बंद खोलीच आहे. केबिनची सर्वांत लांब बाजू २ मीटर धरली तर सुमारे ८५ हर्ट्‌झच्या खाली केबिन स्वतःच आवाज चढवू लागते, आणि हा चढ हिशेबाने जवळजवळ तेवढाच, म्हणजे १२ डेसिबलचा असतो. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. पत्रा हलतो, फटी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात चढ यापेक्षा कमी मिळतो, तरीही फायदा मोठा असतो.

अट एकच, काचा बंद हव्यात. काच उघडली की हा फायदा बराचसा निघून जातो. पूर्वी आपल्याकडचे ट्रक उघड्या काचांनीच चालत. २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, म्हणजे काचा बंद राहणारे ट्रक वाढत जाणार. कारागिराने गिऱ्हाइकाला आधी हेच विचारावे की काचा बंद ठेवून चालवता की उघड्या. उघड्या काचांच्या ट्रकमध्ये लहान पेटीकडून फार खालच्या आवाजाचे वचन देऊ नये.

स्पीकरच्या कागदावरील तीन आकडे

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा आपल्या गावातून सबवूफर घेताना सोबतचा मापांचा कागद मागून घ्यावा. त्यावर बरेच आकडे असतात. पेटीसाठी तीनच पुरतात.

पहिला एफएस. सुट्या स्पीकरचा कागद टिचकी मारल्यावर ज्या सुरात आपोआप थरथरतो तो सूर, हर्ट्‌झमध्ये.

दुसरा क्यूटीएस. ही थरथर किती लवकर थांबते त्याचे माप. आकडा लहान असेल तर कागदावर मॅग्नेटचा ताबा घट्ट, मोठा असेल तर सैल. बंद पेटीसाठी साधारण ०.४ ते ०.६ मधला स्पीकर सोयीचा. ०.७ च्या वर असेल तर कोणत्याही बंद पेटीत तो घुमणारच. ०.३ च्या आसपासचा स्पीकर बहुधा नळीच्या पेटीसाठी बनवलेला असतो.

तिसरा व्हीएएस, लिटरमध्ये. स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकीच कडक होईल एवढी हवा म्हणजे किती लिटर, ते हा आकडा सांगतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या १००० किंवा १२०० वॅटला भुलू नये. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. सतत किती वॅट चालेल हे आरएमएस या नावाखाली लिहिलेले असते. ज्या स्पीकरसोबत मापांचा कागदच नाही, त्याची पेटी हिशेबाने बनवता येत नाही, हे गिऱ्हाइकाला खरेदीपूर्वीच सांगावे.

लिटर कसे काढावेत?

पेटीत बसवल्यावर स्पीकरचा ताबा सैल होतो, म्हणजे क्यूटीएसचा आकडा वाढतो. वाढलेल्या आकड्याला क्यूटीसी म्हणतात. तो किती असावा हे आपण ठरवायचे. ०.७०७ ठेवला तर आवाज सपाट, कुठेही उंचवटा नाही. १ च्या पुढे गेला की एका ठरावीक सुरावर घुमारा सुरू होतो आणि प्रत्येक गाण्यात तोच 'धुम्म' ऐकू येतो. ०.७ ते ०.९ मध्ये राहिलेले बरे.

उदाहरणासाठी १० इंची, कमी खोलीचा एक स्पीकर धरू. एफएस ३२ हर्ट्‌झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ४० लिटर. हवा असलेला क्यूटीसी ०.७०७.

पायरी १ : ०.७०७ ला ०.४५ ने भागा. उत्तर १.५७.
पायरी २ : त्याचा वर्ग करा. उत्तर २.४७.
पायरी ३ : १ वजा करा. उत्तर १.४७.
पायरी ४ : व्हीएएसला, म्हणजे ४० ला, १.४७ ने भागा. उत्तर २७.२ लिटर.

एवढी मोकळी हवा या स्पीकरला हवी. पेटीत बसल्यावर त्याचा सूर किती होईल? ३२ ला पायरी १ च्या १.५७ ने गुणा. उत्तर सुमारे ५० हर्ट्‌झ. याच्या खाली आवाज उतरू लागेल आणि तिथून पुढे केबिन हात देईल.

जागा कमी असेल तर क्यूटीसी ०.९ धरा. ०.९ भागिले ०.४५ म्हणजे २, वर्ग ४, वजा १ म्हणजे ३, ४० भागिले ३ म्हणजे १३.३ लिटर. पेटी निम्मी झाली, पण सूर ६४ हर्ट्‌झवर चढला. जागा वाचली तेवढा खोल आवाज गेला. हा सौदा गिऱ्हाइकासमोर मांडावा आणि निवड त्याला करू द्यावी. एकाच पेटीत असेच दोन स्पीकर बसवायचे असतील तर लिटर दुप्पट धरावेत.

फळीची 'माया' विसरू नका

शिंपी कापड बेतताना शिलाईची माया सोडतो. सदरा मापाचा व्हायचा तर कापड मापापेक्षा मोठे कापावे लागते. पेटीचेही तसेच आहे. लिटर आतल्या हवेचे मोजायचे असतात आणि फळीची जाडी प्रत्येक बाजूने जागा खाते.

समजा कुणी वरील २७ लिटर बाहेरून मोजले आणि ६० बाय ३० बाय १५ सेंटीमीटरची पेटी बनवली. बाहेरून ती बरोबर २७ लिटर भरते. फळी १८ मिलीमीटरची म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटीमीटर वजा. आतले माप ५६.४ बाय २६.४ बाय ११.४, म्हणजे फक्त १७ लिटर. त्यातून स्पीकरचा मॅग्नेट व आतल्या पट्ट्या यांचे २.१ लिटर गेले की हवा उरते १४.९ लिटर. आता हिशेब उलट करू. ४० भागिले १४.९ म्हणजे २.६८, अधिक १ म्हणजे ३.६८; त्याचे वर्गमूळ १.९२, गुणिले ०.४५ म्हणजे क्यूटीसी ०.८६, आणि सूर ६१ हर्ट्‌झ. कारागिराला वाटते आपण २७ लिटरची पेटी दिली; गिऱ्हाइकाच्या कानाला पेटी १५ लिटरची लागते. बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते.

आता बरोबर पद्धत. मोकळी हवा २७.२ लिटर. स्पीकरने व्यापलेली जागा १.३ लिटर, हा आकडा बहुधा मापांच्या कागदावर असतो. आतल्या पट्ट्या आणि आधारफळी ०.८ लिटर. एकूण २९.३ लिटर आतून हवेत.

सीटची पाठ कललेली असते, म्हणून सीटमागे पेटी तळाला रुंद आणि वर अरुंद अशी उतरती बनवतात. समजा केबिनमध्ये ८० सेंटीमीटर लांब आणि ३६ सेंटीमीटर उंच पेटीला जागा आहे. आतली लांबी ७६.४, उंची ३२.४. दोन्हींचा गुणाकार २४७५. आता २९,३०० घन सेंटीमीटरला २४७५ ने भागा. सरासरी खोली ११.८ येते, ती ११.९ धरू. तळाशी १४.४ आणि वर ९.४ ठेवले तर सरासरी ११.९ होते. दोन्हींत ३.६ मिळवले की बाहेरची मापे तळाला १८ आणि वर १३ सेंटीमीटर. हीच पेटी बाहेरून मोजली तर ४४.६ लिटर भरते आणि आतून २९.५. फरक १५ लिटरचा आहे.

स्पीकर खोलीत मावतो का, तेही पाहावे. मधल्या उंचीवर आतली खोली ११९ मिलीमीटर आणि समोरच्या फळीची जाडी १८, मिळून १३७. स्पीकरची खोली १०५ असेल तर मॅग्नेटच्या मागे ३२ मिलीमीटर मोकळे राहतात. मॅग्नेटच्या पाठीला हवेचे भोक असेल तर किमान २५ मिलीमीटर मोकळे हवेतच, नाही तर कॉइल तापते.

फळी, सांधे आणि आधार

एमडीएफ जड आणि घट्ट असते, कापायला सोपी असते, पण पाण्याने फुगते. कोकणच्या पावसात ओल्या चपला, गळणारे दरवाजे आणि पाण्याची बाटली हे सर्व केबिनमध्येच असते. ट्रकसाठी १८ मिलीमीटरचा पाण्याला टिकणारा प्लायवूड बरा. आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का आहे. प्लाय घेताना कडेला पाहून आत पोकळ फटी नाहीत याची खातरजमा करावी.

आतल्या हवेचा जोर किती असतो याची अनेकांना कल्पना नसते. वरील १० इंची स्पीकरचा कागद ८ मिलीमीटर आत गेला तर सुमारे पाव लिटर हवा दाबली जाते. २७ लिटरमध्ये पाव लिटर म्हणजे एक टक्का. एवढ्याने समोरच्या किंवा मागच्या फळीवर सुमारे ३५ किलोचा दाब येतो आणि पुढच्याच क्षणी तेवढीच ओढ. हे ५० हर्ट्‌झला सेकंदात ५० वेळा घडते. म्हणून ८० सेंटीमीटर लांब फळीला मध्ये आधार हवाच. समोरच्या व मागच्या फळीला जोडणारी एक आधारफळी मधोमध बसवावी. तिच्या पोटात मोठी खिडकी कापावी म्हणजे हवा दोन्हीकडे खेळती राहील. स्पीकर मधोमध न घेता एका बाजूच्या अर्ध्या भागात घ्यावा.

सांध्यांना गोंद भरपूर लावावा आणि स्क्रू १० ते १२ सेंटीमीटरवर मारावेत. गोंद वाळल्यावर आतून प्रत्येक कोपऱ्यावर सिलिकॉनची रेघ ओढावी. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, किमान एक दिवस, स्पीकर बसवू नये. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी आणि वायरच्या जोडणीची वाटीही सीलबंद हवी.

तपासणीचा उपाय स्वस्त आहे. मोबाइलवरून ३० हर्ट्‌झचा सूर हळू आवाजात वाजवा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवा. धूर जिथे फडफडेल तिथे फट आहे. बंद पेटीत सुईएवढी फटही फुसफुस आवाज करते.

आत वाडिंग कशासाठी?

रजईत किंवा सोफ्याच्या उशीत भरतात तेच पॉलिएस्टर वाडिंग पेटीत भरतात. ते आवाज शोषते एवढेच बहुतेकांना माहीत असते. खरे काम निराळे आहे. हवा दाबली की तापते आणि तापली की अधिक कडक होते. हवेत बारीक धागे पसरलेले असतील तर ती उष्णता धागे घेतात आणि हवा सुटली की परत देतात. स्प्रिंग नरम होते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. व्यवहारात हा फायदा १० ते २० टक्के मिळतो. एआर-१ मध्ये व्हिल्चर यांनी काचेचे तंतू याच कामासाठी भरले होते.

प्रमाण लिटरमागे ८ ते १६ ग्रॅम, म्हणजे आपल्या पेटीला सुमारे २२० ते ४३५ ग्रॅम. वाडिंग हाताने पिंजून सैल भरावे. दाबून कोंबले तर धागे हवेची जागा खातात. मॅग्नेटच्या मागे मोकळी जागा ठेवावी, धागा भोकात ओढला जाता कामा नये. जुना कापूस भरू नये. तो ओल धरतो आणि गोळा होऊन तळाशी बसतो.

बाहेरून न विणलेले पॉलिएस्टर कार्पेट लावल्यास ते कोपऱ्यावर ताणून बसते आणि सुरकुती पडत नाही. रेक्झिन पुसायला सोपे, पण कोपऱ्यावर कात्री चालवावी लागते. पन्हा पाहून कापड घ्यावे म्हणजे समोरच्या बाजूला जोड येणार नाही. ८ बाय ४ फुटांच्या एका प्लायमधून नीट बेतल्यास अशा तीन पेट्या निघतात, चौथी निघत नाही. भाव सांगताना हे ध्यानात ठेवावे.

वीज : येथे कसूर नको

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. लहान पिकअपमध्ये बहुधा १२ व्होल्ट. गाडीतले बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टचे असतात. मग काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतात. हे काम सोपे दिसते, पण एक बॅटरी रोज उतरते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. काही महिन्यांत दोन्ही खराब होतात. त्यावर इलाज म्हणजे पुरेशा अँपिअरचा २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर, किंवा थेट २४ व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर.

हिशेब असा. अ‍ॅम्प्लिफायर ३०० वॅट आरएमएसचा आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो ३७५ वॅट ओढतो. १२.५ व्होल्टला हे ३० अँपिअर होतात. १२ व्होल्टच्या गाडीत बॅटरीपासून १० चौरस मिलीमीटरची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज घ्यावा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तेवढ्याच जाडीत ती जास्त तापते. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये कन्व्हर्टरवर लिहिलेला फ्यूज घ्यावा.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा. केबिनमध्ये अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावलेला फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवतो, ट्रक वाचवत नाही. वायर वाटेत पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली तर बॅटरीचा सगळा जोर तिथे उतरतो आणि आग लागते. पत्र्यातून वायर नेताना रबरी बूच आणि वर नळी हवीच. मागे कापड, सूत वा पुठ्ठा भरलेला असतो, हे काम करणाऱ्याने क्षणभरही विसरू नये.

अ‍ॅम्प्लिफायरवरचा गेन हा आवाजाचा खटका नव्हे. तो फार चढवला की सूर छाटला जातो आणि कॉइल जळते. फिल्टर ८० हर्ट्‌झला ठेवून, टेप तीन-चतुर्थांश आवाजावर लावून गेन हळूहळू वाढवावा आणि आवाज फाटू लागण्याच्या अलीकडे थांबावे.

पेटी बांधून ठेवा

अशी पेटी स्पीकरसह सुमारे १६ किलोची होते. ताशी ५० किलोमीटरचा ट्रक अपघातात अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला तर पेटीवर तिच्या वजनाच्या जवळजवळ २० पट, म्हणजे सुमारे ३२० किलोचा जोर येतो. सुटी पेटी ड्रायव्हरच्या पाठीत येईल. शिवाय आजच्या बहुतेक मोठ्या ट्रकची केबिन इंजिनच्या कामासाठी पुढे कलंडते, त्या वेळी सुटी पेटी सरळ काचेवर जाते. म्हणून चारही बाजूंना लोखंडी पट्टी, ८ मिलीमीटरचे बोल्ट आणि पत्र्याखाली रुंद वॉशर लावून पेटी पक्की करावी. ड्रिल मारण्यापूर्वी पत्र्याखाली डिझेलची नळी, ब्रेकची नळी किंवा वायर नाही हे स्वतः वाकून पाहावे.

शेवटी कानाबद्दल. ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत, ही कामगारांसाठी मानली जाणारी मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. इंजिनाचा आवाज यातच धरायचा. मागच्या गाडीचा हॉर्न आणि टायरचा बदललेला आवाज ड्रायव्हरला ऐकू आलाच पाहिजे. नीट हिशेबाची पेटी कमी आवाजातही भरदार वाटते, त्यामुळे ड्रायव्हरचा हात खटक्याकडे कमी जातो.

कारागीर बंधूंना आमची सूचना एवढीच की प्रत्येक पेटीचा एक कागद ठेवा. स्पीकरचे तीन आकडे, काढलेले लिटर, आतली मापे, फ्यूज किती अँपिअरचा आणि तारीख. त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. उद्या स्पीकर बदलायचा झाला तर तो तोच कागद घेऊन तुमच्याकडे येईल, आणि तयार पेटी विकणाऱ्याला त्याला दाखवण्यासारखे असे काही नसेल.